गाडी टायर खाते, तेव्हा अलाइनमेंटच्या आधी काय बघायचं

फैजपूरच्या एका भावाचा प्रश्न आहे. गाडी 2014 ची डिझायर, 1 लाख 10 हजार किलोमीटर झालेली, तीन वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतलेली. रोज भुसावळला जाणं-येणं, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा केळीच्या बागेत चक्कर. तक्रारी तीन आहेत. 80-90 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. खराब रस्त्यावर पुढे डाव्या बाजूला ‘टुक-टुक’ आवाज येतो. आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले जातात, डावा जास्त. आठ महिन्यांत तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) करून झाली. आता एक मिस्तरी म्हणतो पुढचं सगळं सस्पेन्शन बदला, दुसरा म्हणतो फक्त टायर बदला, गाडी ठीक आहे. ऐकायचं कोणाचं?

भाऊ, तूर्त दोघांचंही ऐकू नका. मी 26 वर्षं भुसावळमध्ये गाड्यांच्या पुढच्या भागाचंच काम करतोय. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे अमुकच पार्ट गेला असं इथून सांगणं चुकीचं होईल. पण तुम्ही तिन्ही तक्रारींचं मूळ एकच धरून चाललात, आणि दोन्ही मिस्तरीही तसंच धरून चाललेत. माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा बहुतेक वेळा तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं निघतात. वेगातली थरथर सहसा चाकातून येते, आवाज सैल झालेल्या सांध्यातून येतो, आणि टायर खाल्लं जातं ते चाक रस्त्यावर सरळ चालत नाही म्हणून. त्यामुळे काय बदलायचं हे नंतर ठरवू. आधी प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, कुठे आहे ते हाताने शोधायचं. प्ले तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसते आणि रस्त्यावर टिकत नाही. तुमचे तीन वेळचे पैसे बहुधा असेच गेले.

थरथरीपासून सुरू करतो, कारण ती कदाचित फुकटात जाईल. बागेतून आल्यावर चाकं आतून धुता का? बाहेरून नव्हे, रिमच्या आतल्या पोकळीतून. आपली काळी माती पावसाळ्यात रिमच्या आत थापली जाते आणि रात्रीतून वाळून सिमेंटसारखी बसते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं. 14 इंची रिमच्या कडेला नुसती 30 ग्रॅम माती एका जागी चिकटली, तरी 90 च्या वेगाला ती सुमारे 4 किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचते, आणि हा धक्का सेकंदाला 13-14 वेळा बसतो. 100 ग्रॅम असेल तर तोच जोर 13 किलोच्या आसपास जातो. यावलकडच्या एका शेतकऱ्याला स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायला सांगितलं होतं. मी चारही चाकं काढून उलटी टाकली, तर दोन चाकांतून ओंजळभर वाळलेली माती निघाली. धुऊन बॅलन्सिंग केलं आणि तो माणूस त्याच संध्याकाळी रॅक न बदलता घरी गेला. जून ते ऑक्टोबर ज्याची गाडी शेतात जाते त्याने आधी पाण्याचा पाइप हातात घ्यावा, बाकी सगळं नंतर.

धुऊनही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करा, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल जुळवून घ्या. मशीनवर चाक फिरत असताना रिमच्या कडेकडे तुम्ही स्वतः बघा. कड डुलताना दिसली तर रिम खड्ड्यात वाकली आहे, आणि तिथे कितीही वजनं चिकटवली तरी थरथर पुरती जात नाही. घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चालवा. थरथर स्टेअरिंगमधून सरकून सीटखाली आली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. स्टेअरिंगमध्येच राहिली तर पुढच्या सांध्यांत किंवा हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) शोधायचं. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क तपासायची, ते वेगळंच काम आहे.

आता प्ले. हे काम स्वतः केलं नाही तरी ते होत असताना उभं राहून बघा. गाडी कोब्यावर किंवा पक्क्या सिमेंटवर घ्या. शेताच्या मातीवर, अंगणातल्या मुरमावर जॅक लावू नका. काळ्या मातीत तो भाराने तिरका होत खाली जातो आणि कळेपर्यंत गाडी सटकलेली असते. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. मग 3 आणि 9 वर धरून हलवा. वर-खाली धरल्यावर खटखटलं तर हबचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (खालचा गोळा-वाटीचा सांधा). दोघांतला कोणता, हे ओळखायला एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने हब आणि नकल (हबला धरून ठेवणारा ओतीव भाग) एकत्र जखडले जातात, त्यामुळे खटखट थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा आर्म (नकलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा). तुमच्या गाडीत स्प्रिंग शॉकअपवर (धक्के शोषणाऱ्या नळीवर) बसते, खालच्या बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा भार नसतो. म्हणून चाक लोंबकळत असताना आर्म आणि नकलच्या मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकं उचललं की प्ले दिसतो. ज्या जीपसारख्या गाड्यांत स्प्रिंग लोअर आर्मवर टेकते, तिथे जॅक आर्मखालीच लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंगच जॉइंटला दाबून धरते आणि गेलेला जॉइंटही ठणठणीत वाटतो. जीपवर हात बसलेला मिस्तरी छोट्या गाडीत आणि छोट्या गाडीवाला जीपमध्ये इथेच फसतो.

3 आणि 9 वर प्ले लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे रॅकपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा किंवा रॅककडचा सांधा. एकाने चाक हलवायचं, दुसऱ्याने आधी टाय रॉड एंडवर बोट ठेवायचं, मग रॅकचं रबरी बूट (आवरण) मुठीत धरायचं. ठोका ज्या हाताला लागतो तिथे दोष. डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं.

तुमचा आवाज फक्त डावीकडून येतो, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर समोरून केळीचा ट्रक आला की डावं चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं, आणि डांबराच्या कडेला असलेल्या त्या वीतभर पायरीचा धक्का डावं चाक रोज खातं. आपल्याकडच्या गाड्यांत डाव्या बाजूचे सांधे आधी जातात हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आवाज ओळखताना तो कधी येतो तेवढं नीट आठवा. बारीक खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात सतत टुक-टुक असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या स्टॅबिलायझर दांड्याला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर. हा शेकड्यांत येणारा पार्ट आहे, आणि त्याच्या आवाजापायी हजारोंचे शॉकअप बदललेले मी पाहिलेत. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून, मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू किलोमीटरभर चालवून बघता येतं. आवाज थांबला तर कारण सापडलं. तेव्हा गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून वेग नको आणि तसंच घरीही जायचं नाही. जागेवर स्टेअरिंग फिरवताना वर बॉनेटखालून ‘कट्ट’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल तर शॉकअपची वरची माउंटिंग आणि तिचं बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात किंवा ब्रेक मारताना एकच जड ‘धप्’ येत असेल तर लोअर आर्मचं मागचं बुश (सांध्यातलं रबर). स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर देताना ‘टक-टक-टक’ आलं तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. तो सस्पेन्शनच्या बिलात घालायचा नाही. आणि ठोका कानापेक्षा स्टेअरिंग धरलेल्या हातांनाच जास्त जाणवत असेल तर रॅक किंवा स्टेअरिंग कॉलमचा खालचा जॉइंट. अमळनेरचे एक काका दरवेळी एवढंच सांगायचे, “भाऊ, गाडी आवाज करी ऱ्हायनी.” एकदा मी त्यांच्या शेजारी बसून गावाबाहेर चक्कर मारली आणि पाच मिनिटांत कळलं. मिस्तरीला शेजारी बसवून आवाज ऐकवणं हा तपासणीचाच भाग आहे, त्याला संकोचू नका.

आता टायर. तळहात टायरच्या पट्ट्यावर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचलं तर टो चुकलेला आहे, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून वळलेली आहेत. एखादं चाक नुसतं अर्धा अंश वाकडं चाललं तर ते किलोमीटरमागे जवळजवळ 9 मीटर आडवं घासलं जातं. रोज भुसावळची फेरी करणाऱ्याचा टायर किती दिवस टिकेल ते यावरून बघा. आतली कड गुळगुळीत झिजली असेल, बोचत नसेल, तर कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. आणि टायरवर खळगे-खळगे पडले असतील तर शॉकअप थकलेत.

इथेच तुमच्या तीन अलाइनमेंटचं उत्तर आहे. डिझायरसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो फिरवून जुळवता येतो. कॅम्बर जुळवण्याची सोय कंपनीने दिलेली नसते. शॉकअप आणि नकलच्या बोल्टांमध्ये जेवढी ढिलाई असते तेवढाच थोडासा फरक करता येतो. म्हणजे कॅम्बर बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय, बसलंय किंवा सरकलंय, आणि अलाइनमेंटवाला ते पाना फिरवून दुरुस्त करू शकत नाही. दुसरं असं की मशीनवर गाडी उभी असते. बुश फाटलेलं असेल तर उभ्या गाडीत चाक जागेवर दिसतं, पण रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि टो बदलतो. गाडी दिवसभरात शेकडो वेळा असं करते. मशीनवरचे आकडे हिरवे, आणि टायर तरीही खाल्लं जातं.

जुनी घेतलेली गाडी आहे, म्हणून आणखी एक शंका घ्यावी लागेल. एका बाजूचा कॅम्बर आत आणि दुसऱ्या बाजूचा साधारण तेवढाच बाहेर गेलेला असेल तर पुढचा क्रॉस मेंबर (दोन्ही आर्म ज्यावर बसतात तो खालचा आडवा सांगाडा) एका बाजूला सरकलेला असू शकतो. आधीच्या मालकाकडे गाडी ठोकली गेली असेल, किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी क्रॉस मेंबर उतरवून नीट न बसवता कसला असेल. फक्त एकाच बाजूचा बिघडला असेल तर त्या बाजूचा आर्म, नकल किंवा शॉकअप वाकलाय का ते बघायचं. दोन्ही बाजूंना सारखाच आत गेला असेल तर स्प्रिंग बसल्या असण्याची शक्यता जास्त. सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मोजताना फारसं कोणी दिसत नाही.

बदलण्याचं काम निघालंच तर पार्ट कोणता घेतला याइतकंच तो कसा बसवला हे महत्त्वाचं. माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचे दोन्ही लोअर आर्म नवे टाकले आणि गाडी जॅकवर असतानाच, चाकं लोंबकळत असताना, आर्मचे बोल्ट कसले. चार महिन्यांत दोन्ही बुश फाटून गाडी परत आली. पार्ट चांगला होता. आर्मचं रबरी बुश बोल्टसोबत आतून घट्ट धरलं जातं, ते फिरत नाही, फक्त पिळतं. लोंबकळत्या अवस्थेत कसलं की गाडी चाकांवर आल्याबरोबर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. तेव्हापासून आर्मचे बोल्ट आधी नुसते लावतो, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबून बसू देतो आणि मगच शेवटचं कसतो. मजुरी मी पदरची घातली आणि ती गाडी अजून माझ्याकडेच येते. तुमच्या मिस्तरीला एवढंच विचारा, “आर्मचे बोल्ट कधी कसणार?” उत्तरावरून पुष्कळ कळेल.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आटे आत होता ते मोजून नवा तेवढाच घालायचा, म्हणजे अलाइनमेंटला जाईपर्यंत गाडी निदान सरळ चालते. त्याचा निमुळता दांडा आणि ज्यात तो बसतो ते भोक कोरडं पुसायचं, तिथे ग्रीस नको. स्प्लिट पिन असलेल्या नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर नट आणखी थोडा पुढे कसायचा, कधीही मागे सोडायचा नाही, आणि पिन दरवेळी नवी. शॉकअप जोडीनेच बदला. त्याची स्प्रिंग उतरवताना कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट सोडणारा मिस्तरी दिसला तर त्याला थांबवा. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. बॉल जॉइंट बऱ्याच छोट्या गाड्यांत आर्मलाच जोडलेला येतो, तिथे पूर्ण आर्म घेण्यात फसवणूक नाही. तुमच्या डिझायरचं पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात ऑइल नसतं. बिलात पॉवर स्टेअरिंग ऑइल दिसलं तर विचारा.

पैशाची ओढाताण असेल तर सगळं एकदम करायलाच हवं असं नाही. लिंक रॉड, स्टॅबिलायझरचं बुश, वरची माउंटिंग हे आवाज करतात, काही आठवडे थांबू शकतात. टाय रॉड एंड, रॅक एंड आणि बॉल जॉइंट थांबू शकत नाहीत. चाळीसगावला लग्नाला निघालेली एक गाडी वाटेत माझ्याकडे हवा भरायला थांबली होती. पुढे त्यांना कन्नड घाट चढून संभाजीनगरला जायचं होतं. डावं चाक जरा बाहेर फाकलेलं दिसलं म्हणून वाकून बघितलं, तर टाय रॉड एंडचं रबर फाटून आत चिखल गेलेला आणि गोळा वाटीतून निम्मा बाहेर आलेला. गाडीत दोन लहान मुलं होती. मी चावी काढून ठेवली आणि पार्ट येईपर्यंत त्यांना दुकानात बसवलं. ते चिडले होते, पण जुना पार्ट हातात दिल्यावर शांत झाले. त्या फाटलेल्या रबराने महिनाभर आधी सांगितलं असणार, बघितलं नाही कोणी. म्हणून दर ऑइल बदलाला खाली वाकून रॅकची दोन बुटं, ॲक्सलची बुटं, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटची टोपणं एवढी बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, रबर कडक होऊन तडकतं, आणि जूनच्या पहिल्या चिखलात त्या तडकलेल्या जागेतून माती आत शिरते. पावसाच्या तोंडावरची तपासणी चुकवू नका.

तर कामाचा क्रम असा राहू द्या: चाकं आतून धुणं, मग प्ले शोधणं, गेलेलेच पार्ट बदलणं, बोल्ट चाकांवर कसणं, बॅलन्सिंग, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंटला जाताना हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे भरून घ्या आणि डिकीतल्या खताच्या गोण्या, कॅरेट उतरवून जा. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडू नका. तापमानात 5-6 अंशांचा फरक पडला की साधारण 1 पीएसआयचा फरक पडतो, तो संध्याकाळी आपोआप उतरतो. आतून पार खाल्लेले टायर पुढे ठेवून अलाइनमेंट तपासू नका, गाडी त्यांच्याच सवयीने ओढत राहील. पट्ट्याची खोली 1.6 मिमीवर आली असेल, म्हणजे खाचांमधली आडवी रबरी पट्टी टायरच्या पृष्ठाला लागली असेल, तर तो टायर बदलायलाच हवा. आधी सांधे, मग नवे टायर. उलटं केलं तर नवेही तसेच जातील.

अलाइनमेंटवाल्याकडून काम करण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागून घ्या. मागच्या तीन वेळचे जपून ठेवले असतील तर त्यांतला पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर आणि टायरवर तळहात फिरवून काय लागलं, एवढं लिहून कळवा. आकडे बघितल्यावर आर्म वाकलाय, स्प्रिंग बसलीय की क्रॉस मेंबर सरकलाय, याबद्दल मी आजच्यापेक्षा नक्की सांगू शकेन. तोवर डाव्या टाय रॉड एंडचं रबर मात्र आज संध्याकाळीच टॉर्च घेऊन बघा.